पाल्यातलं मीठ

इराणच्या उत्तरेला, आमच्या लाहिजानमध्ये पाहुण्याने "नको" म्हटलं तर त्याचा अर्थ "अजून जरा आग्रह करा" असा होतो. दुसऱ्यांदा "नको" म्हटलं तर पाहुणा चांगल्या घरचा आहे, एवढंच कळतं. तिसऱ्यांदाही तेच म्हणाला तर घरची बाई कपाळाला आठी घालते आणि ताटात वाढतेच. चौथ्यांदा "नको" म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पाहिला असता, तर पुढच्या वेळी त्याला कुणी जेवायला बोलावल्याचं पाहिलं नसतं. अशा गावात राहून मोज्गानला नेमका तो आजार झाला, ज्यात गोळ्यांइतकंच "नको" म्हणायचं बळ लागतं.

तिच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला होता. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू दमून गेली होती. मोज्गान मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आधी तिला फळ्यावर नकाशा काढताना धाप लागायला लागली, मग वर्गापर्यंत चालताना, मग नुसतं बोलताना. तिचं आणि नवऱ्याचं, इरजचं, घर तिसऱ्या मजल्यावर. जिने चढणं अशक्य झालं तेव्हा दोघं सामान उचलून तिच्या आईकडे, कोकब खानूमकडे, म्हणजे कोकबबाईंकडे, राहायला आले. त्यांचं घर बैठं होतं, पुढे अंगण, मागे चहाच्या मळ्याचा उतार. कोकब खानूमना झालेला आनंद त्यांनी कुणाला दाखवला नाही, पण लेक आजारी पडून का होईना, परत आपल्या चुलीपाशी आली, हे त्यांच्या मनात होतंच.

रश्त शहरातल्या डॉक्टर सोतूदे यांनी तिघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं.

"मीठ म्हणजे पाणी, खानूम," त्या कोकब खानूमना म्हणाल्या. "मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून बसतं. मग पाय सुजतात, पोट फुगतं आणि दमलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं. लोणची बंद, खारवलेली मासळी बंद, ऑलिव्ह बंद. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. थोडं थोडं खायचं आणि रोज सकाळी वजन करायचं."

"मग घास घशाखाली उतरायचा कसा?" कोकब खानूमनी विचारलं.

"पाल्याने चव आणा. पुदिना घाला, कोथिंबीर घाला, लसूण घाला, लिंबू पिळा. नारंज, ते आंबट संत्रं, मात्र नको हं, त्याचं या गोळ्यांशी वाकडं आहे. मिठाशिवाय सुद्धा चव असते, जिभेला शिकवावं लागतं."

आणखीही एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. गोळ्यांनी फार दिवस भागणार नव्हतं, नवी फुफ्फुसं बसवावी लागणार होती. त्यासाठी तेहरानच्या समितीकडे मोज्गानचं नाव पाठवायचं, पण उन्हाळ्यापर्यंत सूज आणि वजन ताब्यात राहिलं तरच. पथ्य न पाळणाऱ्याचं नाव समिती घेत नाही. गाडीत बसल्यावर इरज हेच पुन्हा पुन्हा बोलत होता. कोकब खानूमच्या डोक्यात मात्र एकच वाक्य पक्कं बसलं होतं: पाल्याने चव आणा.

घरी येताच इरजने स्वयंपाकघरावर धाड घातली. तो झंजानचा, डोंगरापलीकडचा माणूस, वीज कार्यालयात नोकरीला. गिलानचं, आमच्या या प्रांताचं, खाणं त्याला लग्नानंतर बारा वर्षांनीही परकंच होतं. ऑलिव्हच्या बरण्या, सात वर्षं मुरलेला काळा लसूण, आढ्याला टांगलेली खारवलेली मासळी, माशांच्या अंड्यांची पुरचुंडी, सगळं त्याने टोपलीत भरलं आणि शेजारच्या ताहेरा खानूमकडे नेऊन दिलं. "अय्या, नको, कशाला!" असं म्हणत ताहेरा खानूमने भरायला दुसरी टोपलीसुद्धा आणून दिली. शेवटी राहिली फळीवरची एक हिरवी बरणी. इरजने झाकण काढून वास घेतला.

"हे काय? पालाच ना?"

"पालाच," कोकब खानूम म्हणाल्या.

"मग हे ठेवा. डॉक्टरांनी पाला सांगितलाय."

ती बरणी दलारची होती. दलार म्हणजे पुदिना, कोथिंबीर आणि ओढ्याकाठचा रानपाला खरबरीत मातीच्या पसरट भांड्यात दगडाने रगडून केलेलं वाटण. मिरचीविना ठेचा म्हणा हवं तर. आमच्याकडे तो दह्यात कालवतात, काकडीला लावतात, हिरव्या आंबट आलुबुखाराला चोपडतात. कोकब खानूमचा दलार सगळ्या आळीत नावाजलेला. तो वर्षभर हिरवागार राहतो, कारण त्यात मीठ असतं. चिमूटभर नाही, मुठीने. पण गिलानच्या बायकांना विचारा, दलार कशाचा? सगळ्याजणी सांगतील, पुदिन्याचा, कोथिंबिरीचा. मिठाचं नाव कुणी घेत नाही. घर कशाचं म्हटल्यावर कोणी खिळे सांगतं का?

तेव्हा कोकब खानूम खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तरी नाही.

पहिला आठवडा मोज्गानने अळणी भात आणि अळणी मासळी गिळली. गिळली म्हणजे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आजाराने भूक आधीच मेली होती, त्यात हे बेचव जेवण. गालफडं बसली. कोकब खानूम ताटाकडे बघून पैसे मोजावेत तसे उरलेले घास मोजायच्या आणि मोरीशी जाऊन डोळे पुसायच्या. मग एका दुपारी त्यांनी वाटीभर दही घेतलं, त्यात चमचाभर दलार कालवला आणि भाताशेजारी ठेवला.

मोज्गानने बोट बुडवून चाखलं. जिभेवर ठेवून ती जरा थांबली.

"आई, यात मीठ आहे."

"मीठ कुठलं? पाला आहे."

"अगं, दलारमध्ये अर्धं मीठच असतं."

"अर्धं म्हणे! तू वाटलायस का कधी आयुष्यात? पाला टिकायला लागतं तेवढं असतं, ते पाल्यातच जिरतं. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, पाला घाला."

"नको, आई."

"दोन चमचे खा. माझ्यासाठी."

"नको म्हटलं ना."

"बरं, नको तर नको," कोकब खानूम म्हणाल्या आणि ताटापाशीच बसून राहिल्या. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला. मोज्गानने आईकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि खाल्लं. सगळा भात संपवला. कित्येक महिन्यांत ताट पहिल्यांदा रिकामं झालं होतं. कोकब खानूम ताट घासताना गुणगुणत होत्या.

त्यानंतर वाटी रोज येऊ लागली. मोज्गान कधी म्हणायची, "आज कमी घाल." कोकब खानूम कमी घालायच्या, म्हणजे चमचा तोच, फक्त वरून सपाट. एकदा त्यांनी मीठ निम्मं करून दलार वाटूनही पाहिला. चार दिवसांत तो काळा पडला आणि आंबूस मारू लागला. तो त्यांनी टाकून दिला आणि पुढच्या खेपेला मूठ पुन्हा भरून घेतली. तेव्हा त्यांना कळायला हवं होतं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार! मोज्गानही काही दूधखुळी नव्हती. तिला चव आवडत होती, आणि दिवसभरात तेवढा एकच क्षण असा होता की आई तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत नसे. त्या वाटीबद्दल दोघी मूग गिळून बसल्या.

नवरोझला, वसंतातल्या नववर्षाला, ताहेरा खानूमकडे जाणं भाग होतं. तिथे बैठकीत वाडगाभर ऑलिव्ह ठेवले होते, अक्रोड आणि डाळिंबाच्या रसात घोळवलेले. मोज्गानने एक उचलून तोंडात टाकला. एकच. इरजने ते पाहिलं. तिथे तो काही बोलला नाही, घरी येऊन मात्र बोलला ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

"मी तुझ्यासाठी रात्रंदिवस धावतोय, आणि तू चोरून खातेस? लहान पोर आहेस का?"

"एक होता, इरज."

"मी बघितलेला एक! न बघितलेले किती?"

त्या दिवसापासून मोज्गान घरातली चोर ठरली. तिच्या खोलीत इरज उशा उचलून बघायचा. कोकब खानूमसुद्धा म्हणायच्या, "अगं, नवऱ्याचं ऐकावं जरा." हे म्हणताना हातात दह्याची वाटी असायची.

वसंत सरेपर्यंत तिचे पाय भरून आले आणि घरात ऑक्सिजन लावावा लागला. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. वजनाचा काटा चढत होता. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दुप्पट केली, तरी फरक नाही. मग त्यांनी पूर्ण दिवसाची लघवी साठवून तपासायला पाठवली, आणि अहवाल आल्यावर तिघांना बोलावून घेतलं.

डॉक्टर सोतूदे त्या दिवशी हसल्या नाहीत.

"मोज्गान-जान, जेवढं मीठ खाल्लं जातं तेवढं लघवीत उतरतं. तिला खोटं बोलता येत नाही. तुमच्या पोटात रोज मीठ जातंय, आणि थोडंथोडकं नाही."

"माझ्या घरात जेवणात मिठाचा खडा पडत नाही, डॉक्टर!" इरज खुर्चीतून उठलाच. "सगळं बाहेर काढलंय मी. ही कुठून आणते देव जाणे. ताहेरा खानूमकडून मागवतेस का? बोल ना!"

मोज्गानला फाटकापर्यंत चालवत नव्हतं, तर ती ताहेरा खानूमकडे काय जाणार. पण इरजला त्या क्षणी बेरीज-वजाबाकी सुचत नव्हती. आपली बायको आपल्या डोळ्यांदेखत मरते आहे, हे ज्याला दिसतं त्याला कुणावर तरी ओरडायचं असतं.

"इरज-आगा, बसा," डॉक्टर म्हणाल्या. "मला नीट विचारू द्या. स्वयंपाक कोण करतं?"

"आई करतात. अगदी अळणी. मीही तेच खातो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, यात लाजण्यासारखं काही नाही. चूक स्वयंपाकात होत असेल, कुणी मायेने हात सैल सोडत असेल, तर आत्ता सांगा. स्वयंपाक बदलता येतो. महिन्याभराने पुन्हा तपासू आणि मी नाव पाठवीन. पण पेशंटच लपून खात असेल, तर मला नाव पाठवता येणार नाही. नवी फुफ्फुसं मिळाल्यावर जन्मभर याहून कडक पथ्य असतं. ज्याच्याने एवढं निभत नाही त्याला ती कुणी देणार नाही. आणि मग पुढची तपासणी सहा महिन्यांनीच."

सहा महिने म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मोज्गानने आईकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येत असतं आणि ती हात वर करायला बिचकते, तेव्हा बाई तिच्याकडे बघत थांबतात ना, तशी ती थांबली होती.

कोकब खानूमच्या डोळ्यांसमोरून एका क्षणात सगळं गेलं. हिरवी बरणी, मूठभर मीठ, सपाट केलेला चमचा. आता त्यांना सगळं स्वच्छ कळत होतं, आणि इतके दिवस अजिबात कळत नव्हतं असंही नाही, हेही कळत होतं. इरज त्यांच्याकडे बघत होता. उद्या नानवाल्याच्या रांगेत बायका काय म्हणतील? कोकबने स्वतःच्या हाताने लेकीला घालवली. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर येणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"लहानपणापासून हट्टी आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकतच नाही."

मोज्गानने अजून थोडा वेळ आईकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली. "मीच खाल्लं."

गाडी परतीच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली होती आणि बायका वाकून लावणी करत होत्या. मोज्गानने एकदाच काच खाली करायला सांगितली. घरी पोचल्यावर कोकब खानूम कपडेही न बदलता स्वयंपाकघरात गेल्या, फळीवरून दलारची बरणी काढली आणि मोरीत उपडी केली. वरून पाणी सोडलं, बरणी घासली, पुन्हा घासली. मोज्गान ऑक्सिजनची नळी ओढत दाराशी येऊन उभी राहिली.

"आता कशाला टाकतेस?"

कोकब खानूमनी वळून बघितलं नाही. "मला भीती वाटली ग."

"भीती मलाही वाटत होती. माझ्या भीतीला कारण जरा मोठं होतं."

"मग तू का नाही बोललीस? तुला माहीत होतं ना सगळं!"

मोज्गान चौकटीला टेकली, दम घेऊन घेऊन बोलली. "माझं कोण ऐकणार होतं, आई? मी एका ऑलिव्हची चोर. मी तुझं नाव घेतलं असतं तर आईवर ढकलते म्हणाले असते. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं. डॉक्टरांनी दार उघडून धरलं होतं. तू ते लावून घेतलंस."

"मी सांगते. आत्ता सांगते इरजला."

"सांग," मोज्गान म्हणाली आणि खोलीत जाऊन आडवी झाली.

इरज अंगणात गाडी धूत होता. गाडी स्वच्छच होती. कोकब खानूम त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठ केल्यासारखं एका दमात बोलून मोकळ्या झाल्या.

"इरज, तिने काही चोरलं नाही. मीठ मी दिलं. रोज दिलं. दलारमधून."

इरजने पाण्याची नळी खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले.

आता हे समजायला आमच्याकडची माणसं माहीत असायला हवीत. इथे पाहुण्याच्या हातून पेला फुटला तर यजमान म्हणतो, तकसीर माझी, मीच तो काठाशी ठेवला. शेजाऱ्याचा पोरगा नापास झाला तर आपण म्हणतो, आमच्याच घरातल्या गोंगाटाने त्याचा अभ्यास झाला नाही. दुसऱ्याचा दोष अंगावर घेणं ही चांगल्या माणसाची खूण, आणि तो त्याच्या अंगावर राहू न देणं ही दुसऱ्या चांगल्या माणसाची. झंजान काय आणि लाहिजान काय, यात डोंगराने फरक पडत नाही.

"आई, असं बोलू नका," इरज म्हणाला. "तुम्ही तिला पाठीशी घालताय, मला कळत नाही का?"

"पाठीशी नाही रे! खरंच मीच दिलं."

"तुम्ही अळणी खाऊन दिवस काढलेत तिच्यासाठी. मी बघितलंय. आणि तो पाला मीच ठेवायला सांगितला होता की."

"त्यात मीठ असतं, बाबा! मुठीने असतं! चल, चाखून बघ…"

बोलता बोलता त्या थांबल्या. स्वयंपाकघरात धुतलेली बरणी पालथी घातली होती.

"बाजारात चाखून बघ," त्या म्हणाल्या. "कुठल्याही दुकानात मिळतो."

"बाजारातल्याला घालत असतील मीठ. तुमच्या हातचा मी ओळखत नाही का?" त्याने त्यांचा ओला हात धरला, वाकून त्यावर ओठ टेकले. "आई असावी तर अशी. चुकलं असेल तर माझंच. मीच लक्ष ठेवायला कमी पडलो."

रागावला असता, घराबाहेर काढलं असतं, तरी कोकब खानूमना चाललं असतं. त्यांनी आणखी दोनदा सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितका तो जास्त रडत होता.

सकाळी त्यांनी रश्तला फोन लावला. डॉक्टर सोतूदेंनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"खानूम," त्या शेवटी म्हणाल्या, "या खुर्चीतून उठून गेलेली प्रत्येक आई दुसऱ्या दिवशी मला असाच फोन करते. कुणी सांगते मीठ मी घातलं, कुणी सांगते सिगारेट मी आणून दिली. आईचं काळीज मला कळतं. पण काल मी विचारलं होतं. तुम्ही समोर होतात. तुम्ही जे सांगितलंत आणि तुमच्या मुलीने जे कबूल केलं, ते तेहरानला कळवलंय."

"मी खोटं बोलले होते, डॉक्टर."

"काल की आज?" डॉक्टर मऊ आवाजात म्हणाल्या. "सहा महिन्यांनी आणा तिला. तोवर नीट सांभाळा."

फोन ठेवेपर्यंत ताहेरा खानूम आत आलेली होती. इरजने तिला फाटकातच सगळं सांगितलं होतं. तिने कोकब खानूमना मिठी मारली, डोळ्यांना रुमाल लावला. "काय ग बाई तुझं काळीज! लेकीचा गुन्हा स्वतःच्या माथी घेतलास! आमच्या पोरींना अशी आई कुठे मिळायची?" कोकब खानूमनी तिच्यासाठी चहा ठेवला. बोलून काय होतं, ते त्यांना आता कळलं होतं.

ताहेरा खानूम गेल्यावर त्या मोज्गानच्या खोलीत गेल्या. लेक उशीला टेकून बसली होती, पाय स्टुलावर, सुजून चकाकत होते.

"सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगितलं. इरजला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं."

"मग?"

"कुणाला खरंच वाटत नाही ग. सगळे म्हणतात, मी देवमाणूस आहे."

मोज्गान हसायला लागली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता दम संपला, ओठ निळे पडले, नळीतून हवा सूं सूं करत होती आणि तिला पुरत नव्हती. कोकब खानूम धावत पलंगाशी आल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

मोज्गानने श्वास ताळ्यावर येईपर्यंत वाट पाहिली. मग तो हात उचलून बाजूला ठेवला.